नाव सांगायचं नाही

१७३४चा हिवाळा. न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमधल्या कोठडीच्या बंद दाराशी तुम्ही उभे आहात. दाराला एक भोक आहे. त्याला तोंड लावून आत कोंडलेला छापखानेवाला जॉन पीटर झेंगर बायको ॲनाशी बोलतोय. अटकेनंतर सुरुवातीला त्याला कागद-लेखणीही मिळाली नव्हती, साप्ताहिकाचा एक अंक बुडाला. आता ॲना अंक काढते.

तिच्याकडून एक जुना अंक मागून घ्या. त्यात हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात दिसेल: पाच फूट पाच इंच उंचीचा स्पॅनियल सुटलाय, तोंडात स्तुतीचा तोबरा. गव्हर्नर कॉस्बीचा हा कुठला खुशमस्कऱ्या, हे गाव लगेच ओळखतं. लिहिणारे मात्र निनावी, आणि झेंगर त्यांची नावं सांगत नाही.

४ ऑगस्ट १७३५. कोर्ट खच्चून भरलंय, तुम्हीही त्या गर्दीत आहात. झेंगरच्या बाजूनं फिलाडेल्फियाचे वकील अँड्र्यू हॅमिल्टन उठतात आणि गव्हर्नरवरची टीका छापल्याचं सरळ कबूल करून टाकतात. मजकूर खरा आहे, हा बचाव तेव्हाच्या कायद्याला मान्यच नाही. तरी बारा ज्युरर आत जाऊन लगेच परततात: निर्दोष! तीनदा जयघोष होतो. तुम्हीही ओरडा, पण झेंगरचे आठ महिने कोठडीत गेलेत, आणि कायदा होता तिथंच आहे.

आता २०१९. अमेरिकी खासदार डेव्हिन न्यून्स यांची गाय म्हणवणारं एक खातं ट्विटरवर त्यांची टर उडवतंय. न्यून्स त्या खात्यावर आणि ट्विटरवर २५ कोटी डॉलरचा दावा लावतात. काही दिवसांतच गाईचे फॉलोअर त्यांच्याहून जास्त होतात! खातं चालवणाऱ्याचं नाव ट्विटर देत नाही आणि जून २०२०मध्ये न्यायाधीश कंपनीला दाव्यातून मोकळं करतात.

न्यू जर्सीच्या कोर्टानं २००१मध्येच क्रम घालून दिला होता: नाव मागणाऱ्यानं आधी त्या निनावी माणसापर्यंत सूचना पोहोचवावी, नेमकी कोणती वाक्यं बदनामीची ते दाखवावं, पुरावा द्यावा. मला हा क्रमच सगळ्यात मोलाचा वाटतो. नाव एकदा फुटलं, की दावा हरूनही बलवानाचं काम झालेलं असतं. नोकरी जाते, दारात माणसं येतात. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत ही अट अजून सारखी कडक नाही. ती तशी व्हायलाच हवी.