घोड्याच्या पायाखाली जाणारा पैसा

चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी प्रसिद्ध आहे. घोडा पाळणाऱ्याने मात्र ते दाणा-वैरणीसाठी वाचावे. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा आणि गवत आत्ताच उधळलेत तर पुढे काही मिळणार नाही आणि घोडी मरतील, असे त्यात बजावले आहे. कोणी गवताजवळ चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढेल, उंदीर जळती वात पळवून नेईल आणि साठवलेले सगळे गवत जळून जाईल, हीही काळजी आहे. घोड्याला कमी खायला घाला, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. दाणा-वैरणीबाबतचा रोख आहे तो उधळपट्टीवर आणि नासाडीवर.

घोड्याच्या खर्चाचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. घोड्याच्या पोटात जाऊन अंगी लागते त्यावरचा पैसा वाचवता येत नाही. वाचवायला गेले की तो सलोत्र्याच्या हातात जातो. वाचतो तो बाकीचा: पायाखाली तुडवला जाणारा, ओलीने कुजणारा, न पचता लिदेतून बाहेर पडणारा आणि पोटातल्या जंतांना पोसणारा. या चार गळत्या बुजवणे म्हणजे काटकसर.

उदाहरणाला माथेरान-महाबळेश्वरला पर्यटक फिरवणारे लहान चणीचे तट्टू घेऊ. पहिला प्रश्न त्याच्या वजनाचा. बहुतेक ठिकाणी तो कोणी विचारतच नाही. काटा नसला तरी शिंप्याचा टेप पुरतो. तंग बांधतात तिथे, खांद्यामागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे किलोतले वजन. घेर 150 आणि लांबी 140 आली तर वजन सुमारे 265 किलो. हा आकडा गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावा. वैरण, दाणा आणि जंताचे औषध, तिन्हींचा हिशेब त्यावरच बसतो.

घोड्याला रोज वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा आहार लागतो. आपल्या तट्टाला तो 5.3 किलो. वाळल्या गवतातही दहाएक टक्के ओल असते, म्हणून नुसत्या गवतावर ठेवले तर दिवसाला सहा किलोच्या आसपास. आता हे गवत जमिनीवर टाकले तर काय होते? मिनेसोटा विद्यापीठाच्या पाहणीत गव्हाणीशिवाय घातलेल्या गवतापैकी सुमारे 13 टक्के वाया गेले, तर निरनिराळ्या गव्हाणींत 1 ते 5 टक्के. सहा किलोचे 13 टक्के म्हणजे रोज पाऊण किलोहून अधिक, वर्षाला 285 किलो, म्हणजे सत्तेचाळीस दिवसांची वैरण. हे गवत घोडा तुडवतो, त्यावर मुततो आणि मग त्याला तोंड लावत नाही. दोन फळ्यांची गव्हाण किंवा दोरीचे जाळे यांचा खर्च एका हंगामात भरून निघतो. दाण्यासाठी तोबरा आहेच. जमिनीवरचा दाणा टिपताना माती-वाळू पोटात जाऊन पोटशूळ उठतो. जुन्या मोतद्दारांनी तोबरा उगाच वापरला नाही. जाळे मात्र पाय अडकणार नाही इतक्या उंचीवर बांधावे.

वैरण खरेदीत फसगत होते ती मापाने. कडबा शेकड्यावर मिळतो आणि पेंढी कोणाची मांडीएवढी, कोणाची मनगटाएवढी. भाव करण्यापूर्वी ढिगातल्या वेगवेगळ्या दहा पेंढ्या काढून ताणकाट्याला लावाव्यात आणि किलोचा भाव काढावा. विकणारा हसेल, हसू द्यावे. हिरव्या चाऱ्याचा हिशेब आणखी फसवा. त्यात जवळजवळ ऐंशी टक्के पाणी असते. समजा हिरवे गवत पाच रुपये किलो आणि वाळलेले पंधरा. हिरवे स्वस्त वाटते, पण कोरड्या आहाराचा एक किलो हिरव्यातून पंचवीस रुपयांना पडतो आणि वाळल्यातून सतरा रुपयांच्या आत. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही, अशा माथेरानसारख्या गावी तर वर नेण्याची हमालीही त्या पाण्यावर भरावी लागते. थोडा हिरवा चारा घोड्याला हवाच. पण तो औषधासारखा घालावा, पोट त्यावर भरू नये.

खरेदीची वेळ पेरणी-काढणीने ठरते. रब्बी ज्वारी निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये कडबा मुबलक असतो. पावसाळा तोंडावर आला की तोच कडबा महाग होतो आणि त्याच सुमारास डोंगरावरचे पर्यटक ओसरतात. घोडा तेवढाच खातो, मिळकत थांबते. म्हणून उन्हाळी हंगामाच्या पैशातून पावसाळ्याची वैरण आधी घ्यावी. साठवण मात्र नीट हवी. गवतात ओल वीस टक्क्यांवर गेली की गंजी आतून तापते, बुरशी धरते, कधी आपोआप पेटतेही. बुरशीच्या गवताने घोडा खोकू लागतो, मग धाप लागते, आणि असा घोडा चढावर कामाचा राहत नाही. खाली लाकडी माच, भिंतीपासून वीतभर मोकळी जागा, वर ताडपत्री. आणि महिन्यातून एकदा गंजीत कोपरापर्यंत हात घालून पाहावा. गरम लागले तर गंजी लगेच मोडावी.

न पचता जाणारा खर्च डोळ्यांना दिसत नाही, पण तो दाखवता येतो. सकाळची ताजी लीद बादलीत पाण्याने कालवा आणि पिठाच्या चाळणीत धुवा. चाळणीत अख्खे हरभरे राहिले, तर चंदीतला पैसा उकिरड्यावर जातो आहे. कारणे बहुधा दोन. एक, दाणा भरडलेला किंवा भिजवलेला नाही. दोन, दाढांच्या कडा वाढून धारदार झाल्या आहेत. त्या गालाला बोचतात म्हणून घोडा चावत नाही, घास गोळा करून तोंडातून टाकतो. वर्षातून एकदा दाढा घासून घेण्याचा खर्च हरभऱ्याच्या एखाद-दोन गोण्यांत फिटतो. तिसरे कारण मालकाच्या हौसेचे: एका वेळी फार दाणा. घोड्याचे जठर अंगाच्या मानाने लहान असते आणि गवत कुजवून पचवण्याचे काम मागच्या मोठ्या आतड्यात चालते. तिथे न पचलेला पिष्टमय दाणा पोहोचला की आंबतो. त्यातून पोटशूळ होतो किंवा खुरांना सूज येते. एका वेळचा दाणा वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत असावा. आपल्या तट्टाला तो फार तर सव्वा किलो.

आता खोट्या काटकसरी. यांवर थोडे अधिक बोलायला हवे, कारण घोड्याचे नुकसान बहुधा इथेच होते.

गव्हाचा कोंडा गिरणीत स्वस्त मिळतो आणि घोडा आवडीने खातो. पण त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट, आणि घोड्याला कॅल्शियम त्याहून जास्त हवे. नुसत्या कोंड्यावर महिनोन्‌महिने ठेवले की शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते, जबडा आणि चेहऱ्याचे हाड फुगते, घोडा लंगडू लागतो. युरोपात या दुखण्याला गिरणीवाल्यांच्या घोड्यांचेच नाव पडले होते. फुकटचा कोंडा त्यांच्याच गव्हाणीत पडत असे. उसाचे वाढे आणि नेपियर गवत यांतले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणजे धोका तोच. कोंडा सोडायची गरज नाही. पण त्याला लसूण घासाची जोड द्यावी आणि मोजून चुनखडीची पूड द्यावी, किती ते पशुवैद्याला विचारून. भाताचा पेंढा मात्र खाण्यापेक्षा अंथरायलाच बरा.

शेजारच्या गोठ्यातले गाईचे पशुखाद्य किंवा कोंबड्यांचे खाद्य घोड्याला घालणे हा त्याहून घातक प्रकार. या खाद्यांत मोनेन्सिनसारखी औषधे मिसळलेली असू शकतात. गाईला जी मात्रा मानवते तिच्या अंशानेही घोड्याच्या हृदयाचा स्नायू निकामी होतो. मूठभर खाद्य वाचवताना घोडा गमावण्याचा हा सरळ रस्ता. उलट, टॉनिकच्या रंगीत बाटल्या निर्धास्त बंद कराव्यात. घाम गाळणाऱ्या घोड्याला सर्वांत आधी लागते ते मीठ. साधे जाडे मीठ रोज दोन-तीन चमचे आणि पाण्याची बादली कायम भरलेली. पाणी कमी पडले की कोरडी वैरण आतड्यात अडकते.

जंताच्या औषधात दोन्हीकडून पैसा जातो. वजन अंदाजाने धरले की मात्रा कमी पडते, जंत मरत नाहीत आणि त्यांना त्या औषधाची सवय होते. कॅलेंडर बघून सगळ्या घोड्यांना औषध देणेही फुकटच. लिदेतली अंडी मोजून घ्यावीत. एका ग्रॅममध्ये दोनशेच्या पुढे आकडा गेला तरच मोठ्या घोड्याला औषध, हा आज रूढ झालेला ठोकताळा. चरण्याच्या जागेतली लीद आठवड्यातून दोनदा उचलली तर औषधाची गरजच कमी पडते, आणि ती लीद कुजवून रोपवाटिकेला विकता येते. धनुर्वाताची लस मात्र कधी टाळू नये. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो आणि त्याच्या खुरात खिळा रुतणे रोजचेच.

नालेचा खर्च लांबवण्याची खोड सगळीकडे आहे. खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद आलाच पाहिजे. खुराचे पुढचे टोक लांबले की प्रत्येक पावलाला शिरेवर ताण येतो. पण दरवेळी नवी नाल घ्यावी असे नाही. जुनी झिजली नसेल तर खूर तासून तीच पुन्हा ठोकता येते. काम नसलेल्या महिन्यांत मऊ जमिनीवर घोडा अनवाणीही राहू शकतो. खोगिराचेही तसेच. आत चिंध्या कोंबून केलेली खोगीरभरती पाठीवर गाठी उठवते. जखम चिघळली की घोडा ऐन मे महिन्यात तीन आठवडे उभा.

आणि उभ्या घोड्याची चंदी? काम थांबले त्याच दिवशी ती निम्म्यावर आणावी, वैरण तशीच ठेवावी. युरोपात ओझ्याचे घोडे रविवारी पूर्ण दाण्यावर उभे राहत आणि सोमवारी गाडीला जुंपताच मागच्या पायांचे स्नायू आखडून जागीच अडत; त्या दुखण्याला सोमवारचेच नाव पडले. डोंगरावर सोमवार कॅलेंडर पाहून येत नाही. मुसळधार पावसाचे चार दिवस संपून ऊन पडले आणि पहिले गिऱ्हाईक आले, की तोच सोमवार.