नारिंगी पडद्यावरची कुजबुज

वर्गात दोन प्रकारचे बोलणे चालते. एक फळ्याकडून बाकांकडे येते. दुसरे एका बाकावरून शेजारच्या बाकावर सरकते. शिक्षणाचा इतिहास बहुतेक वेळा पहिल्याचाच लिहिला जातो, कारण त्याचे कागद मागे उरतात: अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, समित्यांचे अहवाल. दुसऱ्याची दखल घेतली जाते ती शिस्तीच्या शेऱ्यात. मला येथे ज्या यंत्रणेची हकीकत सांगायची आहे ती पहिल्या बोलण्यासाठी उभारली गेली आणि आज आठवली जाते ती दुसऱ्यामुळे. तिचे नाव प्लेटो. समाजमाध्यमांचा इतिहास सांगताना आपण फेसबुक-ऑर्कुटपासून, म्हणजे २००४ पासून सुरुवात करतो. पण पडद्यावर माणसे एकमेकांशी कशी बोलतील, लिहिणाऱ्याचे नाव दिसेल की नाही, कोणाचे लिहिलेले कोण पुसू शकेल आणि शिकण्याच्या जागी गप्पांना किती वाव द्यायचा, हे प्रश्न त्याच्या तीस वर्षे आधी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात उभे राहिले होते. त्यांची तेव्हा दिली गेलेली उत्तरे अजून आपल्या हातातल्या फोनमध्ये आहेत.

मागची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ साली आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. ज्यांची उदाहरणे झाली ती मुले कंटाळली होती, ज्यांना जमत नव्हते ती घाबरली होती, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे कोणालाच लगेच कळत नव्हते. यातून त्यांनी शिकवण्याचे यंत्र बनवले. प्रत्येकाने आपल्या गतीने जावे आणि उत्तराचा निकाल त्या क्षणी लागावा, ही त्यातली कल्पना. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि आपली मुले विज्ञानात मागे पडली या धास्तीने अमेरिकी सरकारने शिक्षणासाठी तिजोरी उघडली. या साऱ्या विचारात एक गोष्ट गृहीत होती, ती कोणी बोलून दाखवली नाही: शिकणारा एकटा आहे. समोर यंत्र आहे, शेजारी कोणी नाही.

इलिनॉयमध्ये संगणकाने शिकवता येईल का याचा विचार करायला एक समिती बसली आणि तिचे एकमत झाले नाही. तेव्हा प्रयोगशाळेचे संचालक डॅनियल अल्पर्ट यांनी नुकतीच डॉक्टरेट मिळवलेल्या डोनाल्ड बिट्झर या विद्युत अभियंत्याकडे काम सोपवले. १९६० साली पहिले यंत्र चालू झाले. एका वेळी एकच विद्यार्थी, समोर टीव्हीचा पडदा, हाताशी मोजक्या कळा. त्या कळांपैकी दोन मला फार आवडतात. अडले की 'हेल्प' दाबायची, मग यंत्र मुख्य धडा सोडून आडवाटेने समजावू लागे. मध्येच डोक्यात प्रकाश पडला की 'आहा' दाबायची, की पुन्हा मूळ वाटेवर. शिकणाऱ्याला आनंद व्यक्त करायला चक्क एक कळ दिलेली होती. ती ऐकायला मात्र यंत्रच होते.

पुढच्या बारा वर्षांत यंत्रणा वाढत गेली. संगणकाचा पडदा तेव्हा महाग पडे, कारण पडद्यावरचे चित्र टिकवायला प्रत्येक पडद्यामागे स्मृती लागे. बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ साली यावर तोड काढली: दोन काचांमध्ये कोंडलेला वायू, त्यात उजळणारे ठिपके, आणि एकदा पेटलेला ठिपका विझवेपर्यंत पेटलेलाच. पडदा स्वतःच चित्र लक्षात ठेवू लागला. पुढे टीव्हीत आलेल्या प्लाझ्मा पडद्याचा हा पूर्वज. १९७२ पासून बसवल्या गेलेल्या चौथ्या पिढीच्या टर्मिनलवर असे ५१२ गुणिले ५१२ ठिपके होते. त्यांचा रंग नारिंगी, आणि पडद्याला बोट लावले तर ते कळे. दशकाच्या मध्यापर्यंत अशी सुमारे हजार टर्मिनले महाविद्यालयांत, शाळांत, लष्करी केंद्रांत पसरली. ती सगळी टेलिफोनच्या तारांनी एकाच मोठ्या संगणकाला जोडलेली होती.

या 'एकाच' शब्दात पुढचे सगळे दडले आहे. हजार जण वेगवेगळ्या गावांत बसून एकाच यंत्राची स्मृती वापरत होते. त्या स्मृतीचा काही भाग सामायिक होता, म्हणजे एकाने लिहिलेले दुसऱ्याचा कार्यक्रम वाचू शके. एकटेपणासाठी बांधलेल्या घरांच्या भिंती आतून सामायिक निघाल्या. आणि तेथे काम करणारी पोरे, विद्यापीठातली आणि आसपासच्या शाळांतली, ही गोष्ट ओळखायला फार वेळ लावणार नव्हती.

आधी यंत्रणेतल्या त्रुटी कळवायला एक मोकळी फाइल होती. कोणीही उघडावी, शेवटी आपली तक्रार लिहावी. लिहिणारा कोण हे कळायचा मार्ग नव्हता. कोणी आधीचा मजकूर पुसला तर तोही सापडत नसे. १९७३ च्या उन्हाळ्यात सतरा वर्षांच्या डेव्हिड वूली या विद्यार्थ्याला यापेक्षा बरे काही लिहायला सांगितले गेले. त्याने 'नोट्स' हा कार्यक्रम तयार केला. प्रत्येक टिपणावर लिहिणाऱ्याची ओळख आणि तारीख-वेळ यंत्र स्वतः घाली. टिपणाखाली इतरांची उत्तरे ओळीने लागत. हे सांगताना इतके साधे वाटते की त्यात ठरवण्यासारखे काय होते असा प्रश्न पडावा. पण ते ठरवले गेले, एका मुलाने, तक्रारवहीची दुरवस्था पाहून. बोलणाऱ्याचे नाव बोलण्याला चिकटलेले राहील आणि दुसऱ्याला ते खोडता येणार नाही, हे दोन निर्णय त्यात होते. तक्रारवहीची चर्चा झाली आणि १९७६ पर्यंत कोणत्याही विषयाची अशी वही काढता येऊ लागली. पुस्तके, चित्रपट, संगीत, धर्म, विज्ञानकथा. गणिताचा धडा आणि या वह्या एकाच पडद्यावर, एक-दोन कळांच्या अंतरावर.

१९७३ सालीच डग ब्राउन याने 'टॉकोमॅटिक' लिहिले. पडद्याचे आडवे पट्टे पाडलेले, एका खोलीत पाच जण बोलणारे, प्रत्येकाचा पट्टा स्वतंत्र. वाक्य पूर्ण करून पाठवायचे नसे. अक्षर टंकले की ते त्याच क्षणी सर्वांना दिसे. आज समोरचा लिहितो आहे एवढेच तीन ठिपके सांगतात, आणि तो काय लिहून खोडतो आहे हे गुप्त राहते. टॉकोमॅटिकमध्ये अडखळणे, शब्द बदलणे, मागे येणे सगळे उघड्यावर होते. बोलण्याच्या जितके जवळ लिखाण जाऊ शकते तितके ते गेले होते. पुढच्या माध्यमांनी ही रीत सोडली. पाठवण्यापूर्वी लपवता येण्याची सोय माणसांना हवीशी वाटली असणार, पण समोरचा विचार कसा करतो हे पाहण्याची संधी तेथे संपली, असे माझे मत आहे. शिकण्याच्या दृष्टीने तरी हा तोटा लहान नव्हे. (अक्षरावर अक्षर छापून हसरे चेहरे काढण्याची खोडही प्लेटोवरच्या मुलांना होती. स्कॉट फालमन यांनी दुहेरी टिंब, रेघ आणि कंस यांचा हसरा चेहरा सुचवला तो १९८२ साली, त्यानंतर कित्येक वर्षांनी.)

यापेक्षा महत्त्वाची सोय दोघांच्या बोलण्याची होती. आपण कोणत्याही धड्यात असलो तरी पडद्याच्या तळाशी दोन ओळी उघडत आणि दुसऱ्या गावातल्या माणसाशी बोलता येई. मग एका कळीने आपला संपूर्ण पडदा त्याला दाखवता येई. धडा अडला, की तो सोडून न जाता, अडलेल्या जागीच जाणत्याला बोलवायचे. 'हेल्प' कळ तेव्हाही होती, पण तिच्यामागे लेखकाने आधी कल्पिलेल्या अडचणीच भरलेल्या असत. तळाच्या दोन ओळींत न कल्पिलेली अडचण विचारता येई. आणखी एका सोयीने विद्यार्थी धड्याच्या लेखकालाच निरोप लिहू शके: येथे उत्तर बरोबर असून यंत्र चूक म्हणते. पाठ्यपुस्तकाच्या लेखकाला त्याच घटकेला असे सांगण्याची मुभा मला तरी शाळेत कधी मिळाली नाही.

धड्यांतही हे झिरपले. बॉनी अँडरसन यांचा 'हाउ द वेस्ट वॉज वन' हा गणिताचा खेळ पाहा. मुलाला तीन अंक मिळतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि कंस वापरून त्यांची पदावली करायची आणि जे उत्तर येईल तितकी घरे पुढे जायचे. वाटेत गावे, आडरस्ते, प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलण्याची संधी. सापशिडीच, पण फासा स्वतः घडवायचा. सर्वांत मोठे उत्तर नेहमीच फायद्याचे नसते हे मुलांना उमगे, कारण समोर जिंकू पाहणारे दुसरे कोणीतरी असे.

आता दुसरी बाजू. सामायिक स्मृतीतून खेळांचे रान माजले. १९७३ पासून 'एम्पायर'मध्ये अंतराळयानांच्या लढाया, १९७५ मध्ये भुयारे आणि राक्षस, १९७९ मध्ये 'अवतार' नावाचे अख्खे जग, जेथे टोळ्या करून उतरावे लागे. एका भुयाराच्या खेळाला 'पेडिट-५' असे रुक्ष नाव होते, ते कामाची फाइल वाटावी म्हणून. तरी व्यवस्थापक ती शोधून पुसत. पुढे 'एन्फोर्सर' नावाचा कार्यक्रमच नेमला गेला, जो अवेळी चाललेले खेळ बंद पाडी. शाळेतला शिपाईच तो. रात्ररात्र टर्मिनलसमोर बसून ज्यांची परीक्षा बुडाली अशी मुले होती, आणि त्यांचे नुकसान 'समूहजीवन' वगैरे शब्दांनी झाकू नये. पण ज्यांनी ते खेळ लिहिले त्यांनी संगणकाचे काम अभ्यासक्रमातून कमी आणि एकमेकांच्या कार्यक्रमांतून अधिक शिकून घेतले, हेही खरे. रे ओझी हा तेथलाच विद्यार्थी. त्याने नोट्सची कल्पना बाहेर नेली आणि १९८९ मध्ये 'लोटस नोट्स' बाजारात आले.

मग प्लेटोने शिकवले का? सत्तरीच्या दशकात एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने दोन वर्षांच्या महाविद्यालयांत त्याचे मूल्यमापन केले. लेखाकर्म, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी, गणित हे विषय होते. प्लेटोवर शिकलेल्यांच्या गुणांत म्हणावा असा सातत्यपूर्ण फरक दिसला नाही. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना ते आवडले मात्र होते. समर्थकांना हा निकाल झोंबला. माझा आक्षेप मोजणीच्या चौकटीवर आहे: एक विद्यार्थी, एक धडा, एक परीक्षा. धड्यांचे मोल या चौकटीत मावते. तळाच्या दोन ओळींत काय झाले ते मावत नाही. तेथे फार मोठे शिक्षण झाले असे यातून सिद्ध होत नाही, हेही मी मान्य करतो; ते मोजलेच गेले नाही, इतकेच.

कंट्रोल डेटा या कंपनीने १९७६ पासून प्लेटो विकायला काढले. विल्यम नॉरिस यांनी त्यावर प्रचंड पैसा लावला, तो परत आला नाही. स्वस्त घरगुती संगणक आले आणि दूरच्या मोठ्या यंत्राला महागडी तार जोडण्याचे कारण संपले. घरच्या संगणकावर शिकणारा पुन्हा एकटा झाला.

बोलण्याची जागा दुसरीकडे सरकली. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने १९७८ साली आणि त्याच्यानंतर रिचर्ड बार्टलने केवळ शब्दांनी रचलेले एक जग उभे केले. त्यात अनेक जण एकाच वेळी टोपणनावाने वावरत. त्याच वंशातले 'लॅम्डामू' पाव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केले. वूलीने चिकटवलेले नाव येथे सुटले. १९९२ च्या शेवटी कर्टिस यांनी जाहीर केले की व्यवस्थापक यापुढे रहिवाशांच्या भांडणांत पडणार नाहीत. काही महिन्यांतच एका टोपणनावाच्या माणसाने इतरांच्या पात्रांवर शाब्दिक लैंगिक अत्याचार केला. रहिवाशांची सभा भरली, निर्णय होईना. शेवटी एका व्यवस्थापकाने ते पात्र स्वतःच्या अधिकारात नष्ट केले. त्यानंतर अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. ज्युलियन डिबेल यांनी १९९३ मध्ये यावर लिहिलेला लेख गाजला.

याच तंत्रावर एमी ब्रकमन यांनी एमआयटीत मुलांसाठी 'मूस क्रॉसिंग' हे जग केले, ते मला प्लेटोचे खरे वारस वाटते. तेथे खोल्या, प्राणी, वस्तू मुलेच शब्दांनी आणि छोट्या आज्ञावलींनी घडवत. एखाद्याचे पाळीव ड्रॅगन कसे बोलते हे दुसऱ्याला हवे असे, मग तो त्याची आज्ञावली उघडून वाची आणि तिच्या कर्त्यालाच विचारी. ब्रकमन यांनी पुढे प्रांजळपणे लिहिले की यश असमान होते: काही मुले बरेच शिकली, कित्येक फारसे काहीच नाही. शेजार मिळाला म्हणजे प्रत्येक जण शेजाऱ्याशी बोलतोच असे नाही.

२०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडे शाळा व्हॉट्सअॅपवर आल्या तेव्हा मला ही सारी हकीकत आठवत होती. गटात फक्त ॲडमिनने बोलावे ही सोय त्या कंपनीने २०१८ मध्ये दिली होती. माझी भाची तेव्हा सातवीत होती. तिच्या वर्गाचा गट पहिल्याच आठवड्यात असा बंद केला गेला. त्यात बाईंचे व्हिडिओ येत, गृहपाठाच्या पानांचे फोटो येत. शंका असल्यास फोन करा, असे लिहिलेले असे. घरात फोन एकच आणि तो बापाबरोबर कामावर गेलेला. शुभेच्छांच्या चित्रांनी गट भरून जातो या शिक्षकांच्या तक्रारीत तथ्य होते, त्यामुळे त्यांना दोष देणे मला जमत नाही. पंधरा-वीस दिवसांत मुलांनी आपला वेगळा गट काढला, नाव क्रिकेटच्या संघाचे, म्हणजे पालकांना संशय नको. संध्याकाळी वडील घरी आले की तो जागा होई. भाचीने मला त्यातले एक ध्वनिमुद्रण ऐकवले. एक मुलगी अपूर्णांकांचा भागाकार समजावत होती. दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा हे ती सांगत होती, अर्ध्या भाकरीत पाव भाकरी किती वेळा मावते असे विचारून. मागे कुकरची शिट्टी होत होती. अध्येमध्ये विनोद, चित्रे, कोणाचीतरी टिंगल, आणि एकदा एका मुलाला इतके छळले गेले की तो गटातून निघून गेला.

दिवाळीच्या आसपास शाळेला कुणकुण लागली आणि पालकांना निरोप आला. तो गट बंद झाला. नंतर दुसरा निघाला का, हे भाची सांगत नाही.