वेडाच्या कारणाचा रकाना

आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघाला. त्याआधीचा मोठा चांदा जिल्हा इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात होता आणि प्रांतातली वेड्यांची इस्पितळे होती नागपूर व जबलपूरला. रुग्णाला तिथे अनेकदा पोलीसच पोहोचवत. सोबतच्या कागदात वेडाच्या कारणाचा रकाना असे. नातेवाईक सापडले नाहीत तर त्यात काय लिहायचे? बऱ्याचदा 'गांजा' लिहिले जाई. लिहिणाऱ्याला ते सोपे होते आणि वाचणाऱ्या साहेबाला पटणारे.

१८९३ साली सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगाने १८९२ सालच्या नोंदी पुन्हा उकरल्या. त्या वर्षी दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांचे वेड गांजा, भांग, चरस यांच्या माथी मारलेले होते. रुग्णांच्या गावी विचारपूस केल्यावर त्यांतली ९८ प्रकरणेच टिकली आणि त्यांतही ३७ जणांत दुसरी कारणे मिसळलेली निघाली. मनोविकारांच्या कारणांचा आपल्याकडचा इतिहास मी इथून धरतो. रकान्यातले कारण म्हणजे कधीकधी कारकुनाचा अंदाज असतो, हे इथे सरकारी कागदावर आले.

गांजा मागे पडला, 'घराण्यात आहे' हे मात्र राहिले. आमच्या झाडीपट्टीत सोयरीक जुळवताना हा प्रश्न दबक्या आवाजात हमखास येतो. त्यात सिकलसेलमुळे अनुवंशाची एक ठाम कल्पना लोकांच्या मनात बसली आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च'नेही त्याचे सर्वेक्षण केले. तिथे हिशेब सरळ आहे : दोष एकाच जनुकात, आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक. हेच गणित लोक वेडालाही लावतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

स्किझोफ्रेनियाचे घ्या. एकसारख्या जुळ्यांत एकाला तो असेल तर दुसऱ्याला होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आतबाहेर. म्हणजे जनुके तीच असूनही बरेच जण सुटतात. अनुवंश आहे, पण तो एका जनुकाचा नाही.

मग शोधायचे कसे? शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी माणसे घेऊन रक्त तपासले तर फसगत होते. समजा आपल्याकडे रुग्णांत माडिया जास्त आले आणि निरोगी गटात कुणबी जास्त, तर दिसणारा फरक आजाराचा नसून समाजांचा असेल. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातील डॉ. स्मिता देशपांडे, पिट्सबर्ग विद्यापीठातील डॉ. विश्वजित निमगावकर आणि दिल्ली विद्यापीठातील डॉ. बी. के. थेल्मा यांच्या संशोधनात रुग्णासोबत आईवडिलांचेही नमुने घेतले गेले. या पद्धतीत आईबापांनी मुलाला दिलेली जनुकाची प्रत आणि न दिलेली प्रत यांची तुलना होते. कुटुंबच स्वतःचे माप बनते, जातीजमातीचा गोंधळ उरत नाही. मला ही युक्ती फार आवडते. भारतासारख्या देशात तिच्यावाचून पाऊल टाकणे अवघड होते.

नंतर संख्या वाढली. २०१४ साली आंतरराष्ट्रीय गटाने जवळपास ३७ हजार रुग्णांच्या अभ्यासातून गुणसूत्रांवरच्या १०८ जागा दाखवल्या. २०२२ साली त्या २८७ झाल्या. यांतली बहुतेक जागांची एकेकटी करामत नगण्य. बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळण्यासारखे काही दोष धोका खूप वाढवतात खरे, पण ते मोजक्याच रुग्णांत सापडतात. शिवाय या अभ्यासांत युरोपीय वंशाचे नमुने सर्वाधिक आहेत. तिकडून काढलेला धोक्याचा आकडा गोंड किंवा माडिया माणसाला तसाच लावता येत नाही.

तेव्हा सोयरिकीपुरते बोलायचे तर आकडे असे. स्किझोफ्रेनिया साधारणपणे शंभरात एकाला होतो. आई किंवा वडील आजारी असतील तर मुलाला धोका सुमारे १० टक्के, म्हणजे दहातली नऊ मुले सुटतात. मामा आजारी असेल तर भाच्याला तीन-चार टक्के. पाहुणे बहुतेक वेळा मामाचीच चौकशी करून परततात.