पत्त्यांचा डाव आणि संगणक

सुट्टीच्या दुपारीं नाशिकच्या जुन्या वाड्यांत मेंढीकोटाचा डाव बसे, तेव्हां पहिला वाद पानांवरून नसे; तो नियमांवरून असे. एका घरीं हुकुमाचें पान आधींच उपडें ठेवीत. दुसऱ्या घरीं, उतारीचा रंग हातीं नसलेला गडी जें पान टाकील, त्याचाच रंग हुकूम ठरे. चारी दश्श्या मिळाल्या कीं कोट आणि तेराही हात मिळाले कीं बावन्नी, एवढें बहुधा सर्वमान्य होतें. बाकीचा कायदा छापलेला नव्हता. तो घरांतील वडील माणसांच्या तोंडीं होता, आणि त्यांनीं एकदां निवाडा दिला कीं अपील नसे.

तोंडीं राहिलेल्या नियमांचें पुढें काय होतें, हें गंजिफांच्या इतिहासावरून कळतें. बाबरानें 1527 सालीं सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. महाराष्ट्रांत या खेळानें दशावतारांचें रूप घेतलें. दहा अवतारांचे दहा रंग; प्रत्येकांत राजा, प्रधान व एक ते दहा; एकूण 120 गोल पानें. निम्म्या रंगांत दहापासून खालीं क्रम, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचढ आणि दहा सर्वांत कनिष्ठ. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हातीं, त्यानें उतरावें. रात्रीं तोच मान कृष्णाच्या राजाला. पंचवटींतल्या माणसाला हा नियम पाठ करावा लागला नसता! परंतु एवढीं पानें ध्यानांत ठेवणारे गडी कमी झाले, आणि बावन्न पानांच्या विलायती जोडानें त्यांची जागा घेतली. सावंतवाडीच्या चितारींची कला तेथील राजघराण्यानें 1970 नंतर पुन्हा उभी केली. पानें वाचलीं खरीं. पण घेणारा तीं बहुधा कांचेच्या चौकटींत ठेवतो, हातांत धरीत नाहीं.

संगणकावर पत्ते घरोघर पोहोंचले ते मात्र एकट्याच्या खेळानें. 1990 सालीं मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज 3.0’ बरोबर ‘सॉलिटेअर’ आला. तो वेस चेरी या उमेदवारानें रचला होता, व पानांचीं चित्रें सुझन केअर यांनीं काढलीं होतीं. माऊसनें वस्तु उचलून दुसरीकडे ठेवण्याची संवय लोकांना या खेळानें सहज लागली. 1992 सालीं जोडलेल्या यंत्रांसाठीं ‘हार्ट्स’ आला. त्यांत चौघे चार यंत्रांवर बसूनही एकाच डावांत असत.

पुढें मोबाईलवर मेंढीकोट आला, बदामसात आली. आतेभाऊ परदेशीं असला तरी डावांत भिडू म्हणून बसूं शकतो, ही सोय लहान नव्हे. यंत्र पिसतें, वाटतें, हात मोजतें. रंग असून न देण्याची लबाडी तें होऊंच देत नाहीं. भांडणाचें एक मोठें कारण त्यानें नाहींसें केलें. मात्र हुकूम कसा ठरवावा, हें खेळ रचणाऱ्यानें आधींच ठरविलेलें असतें. फार तर दोन-तीन पर्याय. मोबाईलवर मेंढीकोट शिकलेला मुलगा सुट्टींत घरीं येतो, आजी आपल्या रीतीनें हुकूम बोलते, आणि तो म्हणतो, “आजी, असा नियमच नाहीं.”