९० हजार डॉलरचा वेठबिगार

बेसबॉलच्या इतिहासातले अविस्मरणीय क्षण म्हणून जे व्हिडिओ फिरतात, त्यातले काही तुमच्याही पाहण्यात आले असतील. १९५४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये विली मेजनं पाठमोरं धावत घेतलेला झेल. १९७४ साली हँक ॲरननं मारलेला ७१५ वा होमरन, ज्यानं बेब रूथचा विक्रम मोडला. १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिनच्या मैदानावर जॅकी रॉबिन्सन उतरला तो दिवस. सगळे भारीच आहेत, वाद नाही. पण मला विचाराल तर त्या यादीतून एक क्षण कायम सुटतो. त्यात बॉल नाही, बॅट नाही, व्हिडिओ तर नाहीच. २४ डिसेंबर १९६९ ला, नाताळच्या आदल्या दिवशी, एक खेळाडू एक पत्र लिहितो. एवढंच.

माझा पिंड काही खेळाच्या पानाचा नाही. माझी उमेदीची वर्षं तालुक्याच्या बातम्या, बाजार समिती आणि कामगार कोर्टाच्या तारखा लिहिण्यात गेली. कदाचित म्हणूनच हे प्रकरण मला सोडत नाही. कारण ही खेळाची गोष्ट कमी आणि करारातल्या एका ओळीची गोष्ट जास्त आहे.

खेळाडूचं नाव कर्ट फ्लड. सेंट लुई कार्डिनल्सचा सेंटर फिल्डर, म्हणजे मैदानाच्या पार मागं मधोमध उभा राहून अर्धं मैदान एकट्यानं राखणारा माणूस. सलग ७ वर्षं उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्याच्या नावावर. १९६६ च्या अख्ख्या हंगामात त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. त्याच्या संघानं १९६४ आणि १९६७ ला वर्ल्ड सिरीज जिंकली. १९६८ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात मात्र एक उंच गेलेला चेंडू त्याला समजला नाही, तो डोक्यावरून मागं गेला आणि सिरीज डेट्रॉईटनं नेली. लोकांना हेच लक्षात राहिलं. आपल्याकडंही तसंच चालतं म्हणा.

जन्म ह्यूस्टनचा, वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. १८ व्या वर्षी दक्षिणेतल्या छोट्या लीगमध्ये खेळायला गेला, तेव्हा त्याला अमेरिका खरी कळली. गोऱ्या खेळाडूंबरोबर त्याला हॉटेलात राहता येईना, खानावळीत पुढच्या दारानं जाता येईना. त्यानं स्वतः सांगितलेला एक प्रसंग आहे. एकाच दिवशी दोन सामने होते. पहिला संपल्यावर सगळ्यांनी घामाचे कपडे धुवायला एका ढिगात टाकले, त्यानंही टाकले. तर कपडे सांभाळणाऱ्या माणसानं लांब काठीनं त्याचे कपडे उचलून वेगळे काढले आणि काळ्यांच्या धोब्याकडं पाठवले. ते परत येईपर्यंत हा पोरगा तसाच उघडा बसून राहिला. काठीनं कपडे उचलणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला वेगळं समजावून सांगावं लागू नये.

आता मूळ मुद्दा. ऑक्टोबर १९६९ मध्ये कार्डिनल्सनं त्याला फिलाडेल्फिया फिलीजला देऊन टाकलं. देऊन टाकलं हाच शब्द बरोबर आहे. फ्लड आणि आणखी तिघं तिकडं, त्या बदल्यात डिक ॲलन आणि दोघं इकडं. १२ वर्षं ज्या क्लबासाठी घाम गाळला त्याच्या मालकानं साधं समोर बोलावूनही सांगितलं नाही. ऑफिसातल्या कुणीतरी फोन करून कळवलं. फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांची काळ्या खेळाडूंशी वागण्याची कीर्ती चांगली नव्हती. १९४७ ला जॅकी रॉबिन्सनला मैदानावरून सगळ्यात घाण शिव्या दिल्या त्या याच फिलीजच्या मॅनेजरनं. सेंट लुईत फ्लडचं घर होतं, धंदा होता, माणसं होती. वय ३१. त्याला जायचं नव्हतं.

पण जायचं नसेल तर काय, याचं उत्तर करारात लिहिलेलं होतं. त्याला म्हणत रिझर्व्ह क्लॉज. याची सुरुवात १८७९ सालची. तेव्हा मालकांनी आपसात ठरवलं की प्रत्येकानं आपले ५ खेळाडू राखून ठेवायचे, त्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पुढं ही राखण सगळ्याच खेळाडूंना लागू झाली. करार दिसायला एका वर्षाचा. पण वर्ष संपलं आणि खेळाडूनं नवीन सही केली नाही, तर क्लब तोच करार आणखी एक वर्ष वाढवू शकत होता. वाढवलेल्या करारात परत तीच ओळ. म्हणजे दरवर्षी एक वर्ष, मरेपर्यंत. क्लब खेळाडूला विकू शकतो, बदलू शकतो, काढून टाकू शकतो. खेळाडूला एकच हक्क: खेळणं सोडून घरी बसायचं.

आमच्या भागात ऊसतोडीची उचल घेतलेल्या माणसाला हे लगेच कळेल. हिशोब संपतच नाही, आणि संपत नाही तोवर मुकादम बदलता येत नाही. फरक मोठा आहे, मान्य. फ्लडला वर्षाला ९० हजार डॉलर मिळत होते आणि फिलीज १ लाख द्यायला तयार होते. त्या काळी हा पैसा प्रचंड. म्हणून तर लोक त्याच्यावर उखडले. एवढे पैसे मिळतात आणि वर तोंड करून गुलामी म्हणतो? टीव्हीवर हॉवर्ड कोसेल या नावाजलेल्या पत्रकारानं त्याला तोंडावर हाच प्रश्न विचारला. फ्लड म्हणाला, चांगला पगार मिळणारा गुलाम हाही गुलामच असतो.

डिसेंबरमध्ये पोर्टो रिकोत खेळाडू संघटनेची बैठक झाली. संघटनेचा प्रमुख होता मार्विन मिलर, आधी पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये काम केलेला अर्थतज्ज्ञ. त्यानं फ्लडला आधीच स्पष्ट सांगितलं होतं: तू हरशील अशीच शक्यता आहे, जिंकलास तरी तुला स्वतःला एक पैसा मिळणार नाही, आणि नंतर बेसबॉलमध्ये तुला कुणी नोकरी देणार नाही. फ्लडनं विचारलं, बाकीच्या खेळाडूंना फायदा होईल का? मिलर म्हणाला, होईल. मग चालेल, म्हणाला. बैठकीत एका गोऱ्या खेळाडूनं सरळ विचारलं, तू काळा आहेस म्हणून हे करतोयस का? फ्लडचं उत्तर असं होतं की काळा असल्यामुळं मला हे जास्त टोचतं हे खरं, पण लढा आपल्या सगळ्यांचा आहे. ठराव २५ विरुद्ध ० नं मंजूर झाला. युनियनचे पुढारी असतात कसे आणि असायला पाहिजेत कसे, हा विषय परत कधी.

मग ते पत्र. मेजर लीगचे कमिशनर बोवी कून यांना. अगदी छोटं, सभ्य भाषेतलं. सांगायचं इतकंच की मेजर लीगमध्ये १२ वर्षं काढल्यावर मी स्वतःला एखादी मालमत्ता समजत नाही, जी माझी इच्छा न विचारता विकावी आणि खरेदी करावी. १९७० च्या हंगामासाठी इतर क्लबांकडून येणाऱ्या मागण्यांचाही मी विचार करू इच्छितो, तसं सगळ्या क्लबांना कळवावं. कमिशनर साहेबांचं उत्तर वाचण्यासारखं आहे. माणूस म्हणून तुम्ही मालमत्ता नाही याच्याशी मी सहमत आहे, पण त्याचा इथं काय संबंध ते मला दिसत नाही. असं पत्र मी आजवर किती सरकारी कार्यालयांतून आलेलं पाहिलंय!

जानेवारी १९७० ला दावा दाखल झाला. फ्लडनं तो अख्खा हंगाम खेळणं सोडलं, म्हणजे ती १ लाखाची कमाईही सोडली. न्यूयॉर्कमध्ये सुनावणी सुरू झाली आणि इथं मला खरं वाईट वाटतं. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात साधा येऊन बसला नाही. ठराव करताना २५ हात वर होते. साक्षीला आले ते निवृत्त. त्यात जॅकी रॉबिन्सन होता. मधुमेहानं पोखरलेला, केस पांढरे झालेले. तो म्हणाला, समाजात जे एकतर्फी असतं ते चुकीचंच असतं, आणि हा नियम मालकांच्या बाजूनं एकतर्फी आहे. फ्लडनं पुढं सांगितलंय की त्या दिवशी त्याला सगळ्यात मोठा आधार वाटला तो रॉबिन्सनचा. माझ्या यादीत १९४७ च्या त्या दिवसाशेजारी हा दिवस आहे.

खालच्या कोर्टात हरला, अपिलात हरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अडचण होती १९२२ च्या एका निकालाची. तेव्हा याच न्यायालयानं म्हटलं होतं की बेसबॉलचे सामने हा राज्याराज्यांमधला व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागत नाही. खेळाडू रेल्वेनं राज्यं ओलांडतात, तिकिटं विकली जातात, पण व्यापार नाही! १९५३ ला तोच निकाल परत कायम झाला. गंमत म्हणजे दरम्यान बॉक्सिंगला आणि फुटबॉलला मात्र न्यायालयानं कायदा लावला.

१९ जून १९७२ ला निकाल आला. ५ विरुद्ध ३. नववे न्यायमूर्ती बाजूला झाले होते, कारण कार्डिनल्सची मालकी ज्या बीअर कंपनीकडं होती तिचे शेअर त्यांच्याकडं होते. निकाल लिहिला न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी. सुरुवातीला बेसबॉलचं गुणगान आणि जुन्या खेळाडूंच्या ८० हून जास्त नावांची यादी. ते वाचून त्यांच्या बाजूच्या दोन न्यायमूर्तींनी सांगितलं, निकाल मान्य, हा पहिला भाग आमच्या नावावर नको. पुढं ब्लॅकमन म्हणतात की बेसबॉलला मिळालेली ही सूट विसंगत आहे, अपवाद आहे, पण इतकी वर्षं चालत आली आहे, तेव्हा बदल करायचा तर संसदेनं करावा. चूक आहे हे कबूल, आणि जुनी आहे म्हणून चालू द्या. आणि तारीख बघा, १९ जून. १८६५ साली याच तारखेला टेक्ससमध्ये गुलामगिरी संपल्याचा हुकूम वाचून दाखवला गेला होता. फ्लड टेक्ससमध्येच जन्मला होता. योगायोग आहे, त्यातून मी काही काढत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रॉबिन्सन गेला.

तोवर फ्लड संपला होता. १९७१ ला वॉशिंग्टन संघाकडून परत खेळून पाहिलं, १३ सामन्यांत ३५ वेळा बॅटिंगला आला आणि ७ हिट. अंगातलं ते पूर्वीचं गेलं होतं. मालकाला तार करून तो देश सोडून स्पेनला निघून गेला. दारू, कर्ज, बरंच काही. पुढं सावरला. २० जानेवारी १९९७ ला घशाच्या कॅन्सरनं गेला. वय ५९.

आणि तो हरलेला लढा? १९७३ मध्येच मालकांना एक नियम मान्य करावा लागला: मेजर लीगमध्ये १० वर्षं आणि त्यातली शेवटची ५ एकाच क्लबात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय बदलता येणार नाही. फ्लडला तो लागू पडला असता. मग २३ डिसेंबर १९७५ ला, त्या पत्राला ६ वर्षं व्हायला एक दिवस कमी असताना, पीटर साइट्झ नावाच्या लवादानं अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूनं निकाल दिला. एक वर्ष वाढवता येतं म्हणजे एकच वर्ष, कायमचं नाही. करारातल्या त्याच ओळीचा साधा अर्थ! मालकांनी साइट्झना लगेच कामावरून काढलं, पण निकाल टिकला. तेव्हा खेळाडूंचा सरासरी पगार ४५ हजार डॉलरच्या आसपास होता, १९८० ला तो १ लाख ४० हजारांच्या वर गेला. धंदा बुडेल असं ओरडणारे मालक त्याहून श्रीमंत झाले. डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोतोनं न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. तोही स्वतः चार दारं फिरून, भाव करून.

संसदेनं १९९८ ला कायदा करून बेसबॉल खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधार दिला. त्याचं नाव कर्ट फ्लड ॲक्ट. तेव्हा तो जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. मार्विन मिलरला मरणोत्तर का होईना, हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. ज्याच्या बदल्यात फ्लडला दिलं होतं त्या डिक ॲलनलाही २०२५ मध्ये मिळाली, तोही मरणोत्तरच. कर्ट फ्लड अजून बाहेर आहे.