पायांच्या पडद्यानं चकवलं

१७५८ साल. उप्सालात सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या कार्ल लिनियसच्या खांद्यावरून तुम्ही कागदात डोकावताय. 'पेलेकॅनस' या एकाच नावाखाली त्यानं झोळीवाला (पेलिकन), पाणकावळा, गॅनेट आणि फ्रिगेट पक्षी बसवलेत. 'आर्डिया'खाली बगळा, करकोचा आणि क्रौंच. उंच पायांचे एकीकडे, पडदेवाले दुसरीकडे. बदकाच्या पडद्यात तीनच बोटं असतात, 'पेलेकॅनस' पक्ष्यांच्या पडद्यात मात्र चारही. पुढच्या पिढ्या हीच खूण प्रमाण मानणार आहेत.

आता १८५१च्या लंडनला या. झूऑलॉजिकल सोसायटीत पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड श्वेत नाईलच्या पाणथळीतल्या एका पक्ष्याविषयी सांगतोय. तो पक्षी म्हणजे शूबिल. गर्दीतून पुढे सरका आणि त्याचं राखाडी कातडं नीट पाहा. चोच बुटासारखी रुंद, टोकाला धारदार आकडा. झोळीवाल्याच्या चोचीलाही असाच आकडा असतो! पण नजर खाली गेली की तुम्हीही गोंधळता : पाय करकोच्याचे, बोटं लांब आणि मोकळी. हा झोळीवाल्याचा जवळचा नातलग, असं गूल्ड ठामपणे सांगतो. तरी पुढची शंभर वर्षं बहुतेक पुस्तकं शूबिलला करकोचे-बगळ्यांतच ठेवतात.

१९५७. पॅट्रिशिया कॉटम शूबिलचा सांगाडा हाडाहाडानं तपासतात. निष्कर्ष : हा झोळीवाल्यांच्या गणात शोभतो. डीएनए वाचण्याची सोय नसताना, निव्वळ हाडांवरून! पक्ष्यांच्या वर्गीकरणातलं इतकं धीट काम मला क्वचितच दिसलं. त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याचं वाईट वाटतं.

२००८, शिकागोचं फील्ड म्युझियम. शॅनन हॅकेट आणि सहकाऱ्यांनी १६९ जातींचा डीएनए ताडून पाहिलाय. झोळीवाल्याचे सर्वांत जवळचे नातलग निघतात शूबिल आणि हॅमरकॉप हा आफ्रिकी पाणपक्षी. त्यांच्यामागोमाग बगळे आणि शराटी. पाणकावळा, गॅनेट, फ्रिगेट यांचा गट वेगळा. म्हणजे चार बोटांचा पडदा एकाहून अधिक वेळा उगवला, किंवा काही शाखांत नाहीसा झाला. करकोचे आपल्या गणात एकटेच उरले.

उजनीच्या काठी, भिगवणला, राखी बगळा आणि रंगीत करकोचा जवळजवळ उभे दिसतात. आजच्या यादीत बगळा झोळीवाल्याच्या गणात आहे, करकोचा नाही. तुमचं पक्षीपुस्तक २००८च्या आधीचं असेल, तर त्यातल्या गणांवर विसंबू नका, नवी यादी मिळवा.