इंडक्शन शेगडीची काच तडकली तर काय करायचं?

जुलैत लोणावळ्याच्या घरी कुकर हातातून निसटला आणि इंडक्शन शेगडीच्या काचेला कोपऱ्यापासून मधोमध तडा गेला. शेगडी चालू होत होती, म्हणून आईने तिच्यावर दूधही ठेवलं. मी आधी प्लग काढला. दूध उतू गेलं तर तड्यातून थेट आत जाणार, आणि आत २३० व्होल्टची वीज खेळते. तडा केसाएवढा असला तरी शेगडी वापरू नका. सेलोटेप किंवा एम-सील हा उपाय नाही.

ही काच वेगळी का?

मावळाला काच नवी नाही. तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्येच पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. पण शेगडीवरची काच साधी नसते, ती ग्लास-सिरॅमिक असते. काच घडवल्यावर ती पुन्हा ठरावीक तापमानाला तापवतात, तेव्हा तिच्यात अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात. त्यामुळे ती तापूनही जवळजवळ प्रसरण पावत नाही. मध्ये भांड्याची धग आणि कडा गार, हे ती सोसते. जोराचा मार मात्र सोसत नाही. म्हणून काचवाल्याकडून साधी काच कापून बसवू नका.

काच कशी बदलायची?

१. वॉरंटी असेल तर शेगडी उघडू नका. फुटकी काच सहसा वॉरंटीत बसत नाही, तरी आधी विचारा.

२. खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर देऊन काच मागवा. लांबी, रुंदी, जाडी आणि बटणांच्या खुणा जुळवा. फ्रेमसकट मिळाली तर उत्तम.

३. प्लग काढून निदान दहा मिनिटं थांबा. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या पुढे चार्ज असू शकतो. मल्टिमीटरने तो उतरल्याची खात्री करा. हे जमत नसेल तर काम मेकॅनिकला द्या.

४. खालचे स्क्रू काढा. वायर सोडवण्याआधी फोटो घ्या.

५. हातमोजे घालून फुटकी काच आणि जुना सिलिकॉन खरवडून काढा.

६. कॉइलच्या मधोमध छोटा तापमान सेन्सर असतो. तो नव्या काचेला टेकलाच पाहिजे, मध्ये पांढरी थर्मल पेस्ट लावा. सेन्सर सुटा राहिला तर भांडं किती तापलंय ते शेगडीला कळत नाही.

७. जास्त तापमान सोसणारा सिलिकॉन लावून काच बसवा आणि २४ तास हलवू नका. हा सिलिकॉन हवेतली ओल घेऊनच घट्ट होतो, त्यामुळे लोणावळ्याच्या पावसाची चिंता नाही. मात्र फ्रेम आणि काच कोरडी हवी.

शेवटी भांड्यात पाणी घेऊन कमी पॉवरवर पाच मिनिटं चालवून बघा. एरर कोड किंवा जळका वास आला तर लगेच बंद करा. आत पाणी किंवा दूध गेलं असेल तर नुसती काच बदलून भागत नाही. आधी सर्किट बोर्ड तपासून घ्या.